पालथी चाल

जुळे सोलापूर
३ ऑगस्ट २०२५

प्रिय वहिनी,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, आम्ही सगळे खुशाल आहोत. फोन का केला नाही ते तुम्हाला माहीतच आहे. तुमच्याकडे फोन उचलला की दादा तो अंगणातल्या खाटेवर ठेवून स्पीकर लावतो. मग आई, शेजारच्या फुलाबाई, पाणी प्यायला आलेला जोतीराम, सगळे एकदम बोलतात आणि मध्येच शेळीही. मागच्या वेळी खास तुमच्याशी बोलायला फोन केला, तर तुमचं "चहा ठेवते" एवढंच ऐकू आलं. म्हणून हे पत्र जोतीरामच्या टेम्पोतून. तो आठवड्याला डाळिंबं घेऊन मार्केट यार्डात येतोच, टपालाच्या आधी पोचवेल.

बातमी अशी की मला शाळेत एक खोली मिळाली आहे. मोडकी बाकं ठेवायची खोली आहे, पण माझी आहे. मुख्याध्यापक अण्णाराव सर म्हणाले, "मॅडम, साफ करून घ्या आणि वापरा. पण डिसेंबरच्या विज्ञान प्रदर्शनात आपल्या शाळेचं काहीतरी दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर खोली परत बाकांची."

आठवीला ध्वनीचा धडा आहे. फळ्यावर 'कंपन' लिहिलं की मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात. यंदा ठरवलं, धडा वाचायचाच नाही. मुलांनी भंगारातून वाद्यं करायची, ती वाजवणारे हात मोटरींचे, आणि मोटरींनी कधी हलायचं हे सांगायला एक छोटा बोर्ड. त्याचा कोडही मुलांनीच लिहायचा. रोबोट म्हटल्यावर डोळे मोठे झाले, रोबोटचा बँड म्हटल्यावर तर रविवारीही यायला तयार झाली.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक म्हणजे वस्तीवरचं भंगार, आवाज करणारं काहीही. दुसरी म्हणजे एखादी चाल. सूर आणि माझी सोयरीक कधी जुळली नाही. प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवते, हे शाळेत अजून कोणाला कळलेलं नाही. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी सहावीत होते. माझ्या वेण्या घालताना तुम्ही काहीतरी गुणगुणायचा. मला ते आठवतं, पण म्हणायला गेलं की भलतंच होतं. तेवढं लिहून पाठवा की.

आईला नमस्कार सांगा, पण पत्र वाचून दाखवू नका.

तुमची,
सुकन्या

*

वस्तीवरून
१४ ऑगस्ट

चि. वन्सं,

पत्र मिळालं. जोतीरामने ते डाळिंबाच्या क्रेटमध्ये टाकलं होतं, त्यामुळे अर्ध्या अक्षरांना रस लागलाय. वाचता आलं. रविवारी शाळेत येणारी मुलं असतात हे वाचून तुझे दादा म्हणाले, "कळशीभर पाणी आणायला सांगा म्हणावं, मग बघू."

पोतं पाठवतेय. त्यात शेळ्यांच्या गळ्यातल्या जुन्या घंट्या आहेत. ज्यांच्या होत्या त्या शेळ्या आता नाहीत, तेव्हा कोणी परत मागणार नाही. डेअरीच्या दोन गळक्या किटल्या आहेत, ठिबकच्या नळ्या आहेत, आणि ह्यांच्या जुन्या मोटारसायकलचा भोंगा आहे. तो वाजत नाही, पण तुझ्या मुलांना ओरडायला शिकवायची गरज पडणार नाही बहुतेक.

पोत्याच्या तळाशी घोंगड्यात गुंडाळून एक बाजाची पेटी आहे. माझीच, माहेरून आणलेली. माळ्यावर पडून होती. मोडलीय, उंदरांनी खाल्लीय. आतलं पितळ, लाकूड, काय लागेल ते काढून घ्या. घोंगडं तेवढं परत पाठव, ते चांगलं आहे.

आत्याबाई पोतं भरताना बघत होत्या. म्हणाल्या, "माझ्या पोरीला भंगार कशाला लागतंय गं? पगार हुत न्हाय व्हय?" मी म्हटलं, विज्ञानासाठी. तर म्हणाल्या, "मंग ती विळी पण दे की, पाट निगालाय." विळी काही मी दिली नाही.

चालीचं म्हणशील, तर मला आता काही आठवत नाही. दुसऱ्या कोणाला तरी विचार. रेडिओवर पुष्कळ असतं.

तुझी,
रेश्मा वहिनी

*

जुळे सोलापूर
१४ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

घोंगडं जोतीरामकडे दिलं आहे. आता बसून वाचा, सांगण्यासारखं खूप आहे.

पहिलं वाद्य तयार झालं. बोअर मारणाऱ्यांनी टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पाइपचे आठ तुकडे केले, लांबापासून आखूडापर्यंत. पाइप निम्मा कापला की तोच सूर वरचा होऊन येतो, हे मुलं करवत चालवून शिकली. पाइपच्या तोंडावर चपलेचा तळवा आपटला की मस्त घुमतं. पण "वाद्याला चप्पल?" म्हणून अर्धा वर्ग रुसला. कोरी आणू म्हटलं तरी ऐकेनात. शेवटी सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे कापले. टायर शेणातून जातो, त्याचं कोणाला काही नाही!

त्याहून मोठी गंमत पुढे आहे. वर्गात नागमणी कोंडा म्हणून एक मुलगी आहे. तिच्या घरी दोन यंत्रमाग, चादरी विणतात. तिने मागावरची जकार्डची जुनी कार्डं आणली. जाड पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या, दोऱ्याने एकीला एक शिवलेल्या, आणि त्यांना भोकं. ज्या जागी भोक, तिथला धागा वर उचलायचा, असं ती कार्डं मागाला सांगत जातात आणि चादरीवर मोर उमटतो. नागमणी म्हणाली, "मॅडम, भोक धाग्याला सांगतंय, मग पाइपला का नाही सांगणार?" मग कार्डाच्या एका अंगाला दिवे लावले, दुसऱ्या अंगाला उजेड ओळखणारे आठ सेन्सर, सा पासून वरच्या सा पर्यंत. भोकातून उजेड आला की त्या पाइपचा हात आपटतो. कार्डं पुढे सरकवायला जुन्या गाडीच्या वायपरची मोटर. आम्ही आधी मोरच वाजवून बघितला. भांड्यांचं फडताळ कोसळल्यासारखा वाजला. आता कोऱ्या कार्डांवर आपली भोकं पाडायची आहेत, म्हणून चाल हवी.

आणि पेटी. पाइप टुप्‌ करून गप्प होतो, आम्हाला लांब सूर हवा होता. म्हणून पेटीतले पितळी सूर काढून त्यांना पंख्याची हवा द्यायची, असं ठरलं. स्क्रू काढले. बघतो तर भात्याचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला, बस्स. नागमणीने त्यावर रेनकोटचा तुकडा चिकटवला, भाता हलवला आणि एक पट्टी दाबली. वहिनी, ती वाजली! मग दुसरी, तिसरी. एकही सूर मेलेला नाही. मुलं एकदम गप्प झाली, आणि ही मुलं गप्प होणं म्हणजे काय ते मला विचारा.

पेटी मोडलेली नाहीच. तुम्ही मोडलीय का म्हणालात? आता मुलं तिला हात लावायला धजत नाहीत. मला सांगा काय करू, आणि चाल पाठवा. तुम्हाला आठवत नाही, हे मला पटलेलं नाही.

तुमची,
सुकन्या

*

जुळे सोलापूर
५ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तीन वेळा जोतीराम येऊन गेला आणि तुमची चिठ्ठी नाही. विचारलं तर म्हणतो, "वैनी बऱ्या हायत्या की. जरा कमी बोलत्यात एवडंच."

तुम्ही रागावलात. न विचारता पेटी उघडली म्हणून ना? चुकलंच माझं. पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे, कोणी हात लावणार नाही. दोन ओळी लिहा, शिव्या लिहिल्या तरी चालतील.

सुकन्या

*

वस्तीवरून
१२ ऑक्टोबर

सुकन्या,

रागावले नाही गं. मीच फोडायला पाठवली ती पेटी, मग उघडल्याचा कसला राग? तीन शेळ्या एकदम व्याल्या, हे खरं आहे. पण लिहिलं नाही ते त्यामुळे नव्हे, हेही खरं आहे.

माझे अप्पा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मी पाचवीत असल्यापासून मला शेजारी बसवून शिकवलं. पट्टी दाबू नकोस, नुसतं बोट टेकव, म्हणायचे. लग्नात भांड्यांबरोबर त्यांनी पेटी दिली. मंडळातले लोक हसले होते.

इथे आल्यावर थोड्याच दिवसांनी, एका तिन्हीसांजेला मी ती अंगणात काढली. आत्याबाई समोरच बसल्या होत्या. अप्पांची चाल वाजवायला घेतली, आणि अर्ध्यावर आले नसेन, तोच त्या उठून आत गेल्या. बोलल्या काही नाहीत. मी काय समजायचं ते समजले. नव्या सुनेने सगळ्यांसमोर पेटी घेऊन बसणं त्यांना रुचलं नसणार. मी पेटी मिटली. पुन्हा कोणी वाजव म्हटलं नाही, मीही काढली नाही. पुढे अप्पा गेले. मग कोणी विचारलंच तर मोडलीय म्हणायची सवय लागली.

आत्याबाईंचं मला वाईट वाटत नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी मला उन्हाचं बोट लागू दिलं नाही. आणि आता भीती त्यांची नाहीच आहे. धारा काढून, खुरपून माझी बोटं अशी झालीत की सुईत दोरा ओवायला लेकीला हाक मारावी लागते. पेटी उघडली आणि बोटं चाललीच नाहीत तर? अप्पांचं माझ्याकडे तेवढंच एक राहिलंय. ते गेलंय हे कळण्यापेक्षा पेटी मोडलीय म्हणणं मला सोपं जातं. तू लिहिलंस की ती वाजते, आणि माझा सोपा रस्ताच बंद झाला.

म्हणून सांगते, फोडा. मुलांच्या कामी आली तर मला बरंच वाटेल.

चाल मात्र विसरलेली नाही. ती सोबतच्या कागदावर लिहिलीय, सा रे ग प, प ध प ग, अशी सुरू होते. तुझ्या वेण्या घालताना हीच गुणगुणायचे. तू हलायचीस म्हणून कधी पुरी झाली नाही.

रेश्मा

*

जुळे सोलापूर
८ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. रडले, आता लपवून काय करू. त्या घरात मी वाढले आणि मला यातलं काही दिसलं नाही.

मुलांना पत्र वाचून दाखवलं नाही. फक्त विचारलं, पेटी फोडायची का? नागमणी म्हणाली, "चालू माग कोणी फोडतं का, मॅडम?" विषय संपला. लांब सुरांशिवाय भागवू. तुम्ही कितीही सांगा, पेटी फुटणार नाही. ती कपाटात आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे.

चाल मात्र लगेच कामाला लावली. दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी तुमच्या कागदावरून कार्डांना भोकं पाडली, नागमणीने ती घरच्या पद्धतीने ओवून त्यांची माळ केली. मोटर फिरली, दिवे लागले आणि आठ टायरचे तुकडे आपापल्या पाइपवर आपटायला लागले. मुलं नाचली. अण्णाराव सर दारात उभे राहून ऐकत होते. "काहीतरी दिसतंय," म्हणाले. त्यांच्याकडून ही फार मोठी शाबासकी आहे.

दादाच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग पाठवते आहे. ऐका आणि सांगा.

तुमची,
सुकन्या

*

वस्तीवरून
१७ नोव्हेंबर

वन्सं,

ऐकलं. एकटीने ऐकावं म्हटलं होतं, पण ह्यांनी मोबाइल खाटेवर ठेवला आणि स्पीकर लावला. सगळं अंगण जमलं. आत्याबाई म्हणाल्या, "बरं वाजतंय की." फुलाबाई म्हणाल्या, "मशीन हाय व्हय? मला वाटलं पिठाची गिरण."

पण सुकन्या, हे काय वाजवलंयस? ही अप्पांची चाल नव्हे. ओळखीची वाटते आणि ओळखू येत नाही. घरातलंच माणूस आपल्याकडे पाठ करून उभं असावं तसं. मी तीन वेळा ऐकलं. रात्री भाकरी थापताना तेच डोक्यात, आणि दर वेळी अंगावर काटा येतोय, चांगला नव्हे. प्रदर्शनात जिल्ह्यासमोर हे वाजणार आणि तू सांगणार की ही माझ्या वहिनीच्या वडिलांची चाल! कागद नीट बघ. कुठेतरी घोळ केलाय तुम्ही.

रेश्मा

*

जुळे सोलापूर
२५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

सगळं तपासलं. कागदावर जे आहे तेच कार्डांवर आहे, एकेक भोक मोजलं. पाइपचे सूर मोबाइलमधल्या ॲपवर लावले, काटा अगदी मध्ये. बटण दाबून एकेक हात वेगळा चालवला, सा म्हटलं की सा वाजतो. मला कानाने काही कळत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्यात घोळ सापडत नाही.

मुलं हिरमुसली आहेत. नागमणी तर डबाही खात नाही.

वहिनी, एक विचारू? लिहिताना तुमच्याच हातून काही इकडचं तिकडे झालं नसेल ना? इतकी वर्षं झाली. अप्पांची चाल थोडी विसरायला झाली असेल, तर चालायचंच. बारा तारखेला प्रदर्शन आहे. आहे तशीच नेऊ, तिथे कोणाला कळणार आहे?

सुकन्या

*

वस्तीवरून
२९ नोव्हेंबर

वन्सं,

विसरलेले नाही. मंगळवारी जोतीरामच्या टेम्पोत बसून येते. घरी सांगितलंय की तुला बरं नाही. चेहरा पाडून ठेव.

रेश्मा

*

जुळे सोलापूर
१४ डिसेंबर

प्रिय वहिनी,

त्या मंगळवारी तुम्ही आलात तशाच गेलात, धड जेवलाही नाहीत. तुमची पाठ आमच्याकडे होती, त्यामुळे तुम्हाला जे दिसलं नाही ते लिहिते.

तुम्ही आलात तेव्हा मुलं घाबरली होती. मशीन ऐकताना तुमचं तोंड असं झालं होतं की नागमणी माझ्या मागे लपली. तुम्ही चाल म्हणून दाखवायला गेलात, पण टेम्पोच्या वाऱ्याने घसा बसलेला. दोनदा खोकलात आणि मला म्हणालात, "कुटं हाय ती? काड भायेर." एरवी माझ्याशी तुम्ही असं बोलत नाही, त्यामुळे मी धावतच कपाट उघडून पेटी तुमच्यापुढे ठेवली.

सुरुवातीला तुमचं बोट चुकलं, वहिनी. दोन वेळा चुकलं. तेव्हा मला चाल, प्रदर्शन काही नको होतं, ती बोटं तेवढी चालायला हवी होती. तिसऱ्या वेळी ती चालली. मला सुरातलं काही कळत नाही, पण ती चाल मला कळली. माझं डोकं आपोआप मागे झालं, वेणी ओढल्यासारखं. मागच्या बाकावरची मुलं, जांभया देणारी तीच, पुढे येऊन जमिनीवर बसली. अण्णाराव सर दारात आले आणि बूट काढून उभे राहिले. तुम्ही डोळे मिटून वाजवत होता, म्हणून हे तुम्हाला माहीत नाही.

नागमणी मात्र तुमच्या बोटांकडे बघत होती. मग एकदम ओरडली, "अय्यो! मॅडम, ह्यांचा हात उजवीकडे चाललाय आणि आपले टायर डावीकडे पळतात!" तिने धावत जाऊन कार्डांची माळ काढली, पालथी केली आणि परत लावली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तिच्या घरच्या मागावर नक्षी खालच्या अंगाला पडते, म्हणून कार्डं पालथी ओवायची रीत. तिच्या हाताला तीच सवय. त्यामुळे सा च्या जागी वरचा सा, रे च्या जागी नि. तुमची चाल जिथे चढत होती तिथे आमची उतरत होती. भोकं बरोबर, सूर बरोबर, आणि चाल पालथी. माझं ॲप बिचारं काय करणार?

आता प्रदर्शनाचं. पहिला नंबर पाणी वाचवणाऱ्या एका पंपाला गेला, तो खरंच चांगला होता. आम्हाला प्रमाणपत्र मिळालं. पण आमच्या टेबलापुढची गर्दी काही हटेना. नागमणीने आधी सुलटी कार्डं वाजवली, मग तीच पालथी करून, आणि विचारत होती, "सांगा, ह्यात बदललं काय?" एका परीक्षकबाईंनी तीन वेळा ऐकून बरोबर उत्तर दिलं, तेव्हा मुलांनी त्यांनाच टाळ्या वाजवल्या. खोली आमच्याकडे राहिली. अण्णाराव सरांनी बाकं जिन्याखाली हलवली आहेत.

पेटी जोतीरामबरोबर पाठवते आहे. मुलं द्यायला तयार नव्हती. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा झाली की महिन्यातून एकदा तुम्ही शिकवायला याल, असं मी तुम्हाला न विचारता कबूल केलं, तेव्हा कुठे सोडली.

आणि एक घोळ झाला आहे. काल आईचा फोन आला. "बरं हाय का गं आता?" मी म्हटलं, "मला काय झालंय?" आणि मग आठवलं. स्पीकरवर सगळं अंगण गप्प झालं होतं, शेळीसुद्धा. सांभाळून घ्या.

तुमची,
सुकन्या

*

वस्तीवरून
४ जानेवारी २०२६

चि. वन्सं,

एवढं मोठं खोटं तुझ्यावर सोपवलं आणि तू ते पंधरा दिवसही सांभाळलं नाहीस. तुला न झालेल्या तापासाठी आत्याबाईंनी माझ्याबरोबर काढ्याची पुडी दिली होती. ती परत आणून फडताळात लपवली होती, ती त्यांना सापडली. नुसती ती पुडी माझ्यासमोर ठेवली आणि चहा प्यायल्या.

त्यातच जोतीराम पेटी घेऊन आला. गुपचूप दे म्हणावं, तर त्याने ती अंगणात मधोमध ठेवली आणि ओरडला, "वैनी, तुमची पेटी! सोलापुरात लई गाजली म्हनं!" तुझे दादा, फुलाबाई, दोन्ही मुलं, सगळे गोळा झाले. आत्याबाई म्हणाल्या, "ही मोडली हुती न्हवं?"

मी म्हटलं, मुलांनी दुरुस्त केली.

"मंग वाजव की."

मी पेटीसमोर बसले. म्हटलं, आता इतकी वर्षं गेली, विचारूनच टाकावं. "आत्याबाई, तुमाला चालंल?"

"मला न चालायला काय धाड भरलीया? मी कवा न्हाय म्हटलं?"

मग मी सांगितलं. तिन्हीसांज, अंगण, त्या उठून आत गेल्या ते. सगळ्यांसमोर सांगितलं, ह्यांच्यासमोर सुद्धा. आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, चुलीवर दूध उतू चाललं हुतं! म्हून उठले. उतरवून भायेर येते तर तू पेटी मिटून बसलेली, डोळं भरलेलं. मला वाटलं, पोरीला बापाची याद आली. म्हटलं, पुन्यांदा वाजव म्हनून कशाला रडवायची? म्हून म्या कवा इचारलं न्हाय."

सुकन्या, मला आधी रागच आला. त्यांचा आला, माझा आला, त्या दुधाचाही आला. एक शब्द त्या बोलल्या असत्या, एक शब्द मी विचारला असता. दोघी एकमेकींना जपत बसलो आणि पेटी माळ्यावर उंदरांनी जपली. मग आत्याबाईंना हसू फुटलं, मला रडू फुटलं, आणि थोड्या वेळाने आमची अदलाबदल झाली. तुझे दादा बिचारे एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "चहा ठिवू का?" लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

आता पेटी माळ्यावर जात नाही. पडवीत असते, त्याच घोंगड्याखाली. रेनकोटचा तुकडा तसाच आहे, निळा. कोणी विचारलं तर सांगते, माझ्या विद्यार्थिनीने लावलाय. करंगळी अजून मागे राहते, पण राहू दे, येईल मागून. महिन्यातून एकदा यायचं तू परस्पर कबूल केलंस, त्याबद्दल भांडायचं होतं, पण जोतीरामला टेम्पोत बसायला जागा ठेव म्हणून आधीच सांगून टाकलंय. नागमणीला सांग, पालथी चालही वाजवून बघितली. वाईट नाही. माझ्या माहेरी कोणाला सांगू नकोस.

रोज तिन्हीसांजेला थोडा वेळ बसते. आत्याबाई समोर असतात, पूर्वी बसायच्या तिथेच. काल मी अर्ध्यावर आले होते, आणि आतून करपल्याचा वास आला. मी थांबले. म्हटलं, "आत्याबाई, दूध."

त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "जाऊ दे गं. तू वाजव."

तुझी,
रेश्मा वहिनी